सुट्टीचा हक्क : मूळ कंपनीकडून की पुनर्विक्रीतून?

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात सुट्टी ही एकेकाळी जवळजवळ बिनखर्चाची बाब होती. रायपुरातील तात्यापारा, बूढापारा किंवा चौबे कॉलनीतील मराठी कुटुंब उन्हाळ्यात मुंबई-हावडा मार्गावरील गाडीत बसे आणि नागपूरला, अमरावतीला किंवा थेट पुण्याच्या आजोळी उतरे. खर्च काय तो तिकिटांचा आणि सोबत न्यायच्या खाऊचा. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानीचे शहर झाले. त्यानंतर लोकांचे उत्पन्न वाढले, विमानसेवा वाढली, मुलांच्या अपेक्षा वाढल्या आणि सुट्टी ही पैसे मोजून घेण्याची वस्तू बनली. आता तर एका वर्षाची नव्हे, पंचवीस वर्षांची सुट्टी आजच विकत घ्या, असा आग्रह धरला जातो.

हा आग्रह धरण्याची रीत देशभर जवळपास सारखीच आहे. मॉलमध्ये एक कूपन भरून घेतले जाते. काही दिवसांनी निवड झाल्याचा दूरध्वनी येतो आणि पती-पत्नी दोघांनीही अमुक हॉटेलात यावे, अशी अट सांगितली जाते. तेथे डोंगर, समुद्र आणि हसऱ्या कुटुंबांची चित्रे दाखवून टाइमशेअरची, म्हणजे सुट्टीच्या सदस्यत्वाची योजना मांडली जाते आणि त्याच दिवशी सही केल्यास खास सवलत मिळेल, असे बजावले जाते. दुसरीकडे, त्याच कंपनीचा एखादा जुना सदस्य आपले सदस्यत्व बऱ्याच कमी किमतीत देऊ करीत असतो. अशा वेळी ग्राहकापुढे सरळ प्रश्न उभा राहतो. मूळ कंपनीकडून नवे सदस्यत्व घ्यावे, की जुन्या सदस्याकडून पुनर्विक्रीत घ्यावे? निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेल्या बचतीतून हा खर्च होणार असेल, तर या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देणे परवडणारे नाही.

नेमके काय विकत घेतले जाते?

टाइमशेअरची कल्पना युरोपातील. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेली हापिमाग ही या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी एक मानली जाते. पुढे १९७४ साली अमेरिकेत आरसीआय ही अदलाबदल संस्था निघाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा आठवडा घेण्याची सोय झाली. भारतात स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्‌स ही कंपनी १९८६ साली सुरू झाली. तिने आरंभी नव्व्याण्णव वर्षांची सदस्यत्वे विकली. १९९६ साली महिंद्रा हॉलिडेजने क्लब महिंद्रा या नावाने या क्षेत्रात प्रवेश केला. पंचवीस वर्षांचे सदस्यत्व आणि वर्षाकाठी सात दिवसांची सुट्टी हा तिचा नमुना पुढे सर्वपरिचित झाला.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत टाइमशेअरचे अनेक व्यवहार नोंदणीकृत मालकीहक्काच्या स्वरूपात होतात. भारतात मात्र ग्राहकाला बहुधा केवळ वापराचा हक्क मिळतो. तो करारातून जन्मतो आणि कराराची मुदत संपताच संपतो. खोलीची मालकी कंपनीकडेच राहते. ग्राहकाचे नाव कोणत्याही बी-१ खसऱ्यात चढत नाही, उपनिबंधकाकडे खरेदीखत होत नाही. साहजिकच घर किंवा मुदत ठेव तारण ठेवून कर्ज मिळते, तसे या सदस्यत्वाच्या कागदावर मिळत नाही. ज्या वस्तूला बँक तारण म्हणून स्वीकारीत नाही, तिला मालमत्ता म्हणण्यापूर्वी ग्राहकाने थबकून विचार करावा, हे उत्तम. विक्रेत्याच्या तोंडी मात्र ‘तुमची स्वतःची मालमत्ता’ हेच शब्द असतात आणि घोटाळ्याची सुरुवात तेथूनच होते.

घडणावळीचा हिशेब

पुनर्विक्रीत किंमत इतकी का उतरते, हे समजण्यासाठी दागिन्याचा दाखला पुरेसा आहे. सराफाकडून बांगड्या घेताना सोन्याच्या भावाबरोबर घडणावळही द्यावी लागते. त्याच बांगड्या मोडायला नेल्या की सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ मिळत नाही. टाइमशेअरच्या नव्या किमतीतही एक भाग सोन्याचा आणि एक भाग घडणावळीचा असतो. सोने म्हणजे खोलीत राहण्याचे प्रत्यक्ष दिवस. घडणावळ म्हणजे जाहिराती, हॉटेलातील मेजवान्या, भेटवस्तू, विक्रेत्यांचे वेतन व दलाली आणि कंपनीचा नफा.

या घडणावळीचे प्रमाण किती मोठे असू शकते, याची कल्पना एका जुन्या लेखापद्धतीवरून येते. महिंद्रा हॉलिडेज ही कंपनी २००९ साली शेअर बाजारात आली. त्या काळातील तिच्या लेखाधोरणानुसार सदस्यत्व शुल्कातील ६० टक्के भाग हा परत न मिळणारे प्रवेशशुल्क म्हणून सदस्य होताच उत्पन्नात धरला जाई आणि उरलेला ४० टक्के भाग सदस्यत्वाच्या संपूर्ण मुदतीत विभागला जाई. १ एप्रिल २०१८ पासून नवे भारतीय लेखामानक लागू झाल्यावर सगळेच शुल्क मुदतभर विभागण्याची पद्धत आली. ही दोन्ही धोरणे आपापल्या काळातील नियमांना धरूनच होती, त्यात गैर काही नव्हते. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने जुन्या पद्धतीतला बोध मोलाचा आहे. दिलेल्या रकमेचा मोठा हिस्सा हा सदस्य होण्याचा खर्च मानला जात होता, राहण्याचा नव्हे. मग पहिला सदस्य पुढे विकायला निघाला, तर दुसरा ग्राहक त्या प्रवेशाचे पैसे त्याला पुन्हा का देईल?

म्हणूनच पुनर्विक्रीची किंमत ही त्या हक्काची बाजाराने ठरवलेली खरी किंमत होय. मूळ कंपनीकडे जाणाऱ्या ग्राहकानेही सही करण्यापूर्वी ती अवश्य जाणून घ्यावी. नव्या सदस्यत्वाची किंमत आणि त्याच हंगामाच्या, त्याच खोलीच्या जुन्या सदस्यत्वाची किंमत यांतील अंतरातून उरलेल्या वर्षांचा फरक वजा केला, की जे राहते ती घडणावळ. ती देण्याइतके समाधान त्यातून मिळणार आहे का, एवढाच मग प्रश्न उरतो.

आकड्यांची साक्ष

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मूळ कंपनीकडील पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वाची किंमत करांसह ४,००,००० रुपये आहे. वार्षिक देखभाल शुल्क १८,००० रुपये आहे आणि वर्षाला सहा रात्री राहता येते. हेच चार लाख रुपये सात टक्के व्याजाने गुंतवून पंचवीस वर्षांत मुद्दल व व्याज मिळून समान हप्त्यांत काढून घेतले, तर दरवर्षी सुमारे ३४,३०० रुपये हाती येतील. ती रक्कम सोडून दिली, म्हणजे तोच सदस्यत्वाचा वार्षिक खर्च. त्यात १८,००० मिळविले की बेरीज ५२,३०० रुपये होते. सहा रात्रींनी भागल्यास एका रात्रीला सुमारे ८,७०० रुपये पडतात. प्रवास व भोजन वेगळे.

आता समजा, तशाच सदस्यत्वाची पंधरा वर्षे शिल्लक असून जुना सदस्य ते १,२०,००० रुपयांना देतो आणि हस्तांतर शुल्क ३०,००० रुपये पडते. एकूण दीड लाख. त्याच व्याजदराने पंधरा वर्षांचा वार्षिक हप्ता सुमारे १६,५०० रुपये होतो. त्यात १८,००० मिळविल्यास ३४,५०० रुपये, म्हणजे रात्रीला सुमारे ५,७५० रुपये. पुनर्विक्रीची सरशी स्पष्ट दिसते.

परंतु हिशेब येथे संपत नाही. पुनर्विक्रीतील या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा देखभाल शुल्काचा आहे आणि ते शुल्क नव्या व जुन्या सदस्याला सारखेच भरावे लागते. सदस्यत्व फुकट मिळाले, तरी रात्रीला ३,००० रुपये द्यावेच लागतात. शिवाय सोपेपणासाठी येथे शुल्क स्थिर धरले आहे, प्रत्यक्षात ते वाढत जाते. दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढणारी रक्कम बारा वर्षांत दुप्पट होते. आजचे १८,००० बारा वर्षांनी ३६,००० च्या घरात आणि चोवीस वर्षांनी ७२,००० च्या वर जातील. हॉटेलांचे दरही वाढतील हे खरे, पण हॉटेलात न जाण्याचे स्वातंत्र्य दरवर्षी कायम असते. शुल्क मात्र गेले नाही तरी भरावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथे चपखल लागू पडते. अमेरिकेत अनेक टाइमशेअर नाममात्र किमतीला विकायला निघतात, त्यामागील कारण हेच. मालकाला किंमत नको असते, त्याला दरवर्षीच्या शुल्कातून सुटका हवी असते.

आणखी एक तुलना अधिक बोलकी आहे. कुटुंबाला पाच वर्षांपैकी तीनच वर्षे सुट्टी घेता आली आणि उरलेले दिवस वाया गेले, तर पुनर्विक्रीतील रात्र सुमारे ९,६०० रुपयांना पडते. म्हणजे दरवर्षी नेमाने वापरलेल्या नव्या सदस्यत्वापेक्षाही ती महाग होते. नव्या सदस्यत्वाची रात्र अशा वेळी १४,५०० रुपयांवर जाते. काही योजनांत न वापरलेले दिवस पुढील वर्षी नेता येतात, त्याने थोडा दिलासा मिळतो. तरीही तात्पर्य निर्विवाद आहे. किमतीपेक्षा वापर महत्त्वाचा. स्वस्त घेऊन न वापरणाऱ्यापेक्षा महाग घेऊन वापरणारा सुखी.

रायपूरचे पंचांग

वापराचा विचार करताना कुटुंबाचे स्वतःचे पंचांग पाहावे लागते. रायपूरचा उन्हाळा कडक. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची ओढ प्रत्येकालाच असते. नेमक्या याच काळासाठी सर्वाधिक दराची सदस्यत्वे असतात. क्लब महिंद्राच्या योजनेत हंगाम रंगांनी ओळखले जातात. जांभळा हा सर्वांत गर्दीचा, त्याखाली लाल, मग पांढरा आणि निळा. खालच्या रंगाच्या सदस्याला वरच्या हंगामात हक्काने खोली मागता येत नाही. पुनर्विक्रीतील सदस्यत्व स्वस्त दिसले, तर ते कोणत्या हंगामाचे आहे हे आधी पाहावे. शाळकरी मुलांच्या आईवडिलांनी पावसाळी हंगामाचा हक्क स्वस्तात घेणे म्हणजे स्वतःच्या मापाचे नसलेले जोडे सवलतीत घेणे होय. उलट निवृत्त दांपत्याला तोच हक्क उत्तम लाभू शकतो, कारण त्यांना शाळेची घंटा अडवीत नाही.

दुसरा विचार अंतराचा. रायपूरहून पुरीला रात्रीच्या गाडीने जाता येते. कवर्धा आणि चिल्फीच्या घाटातून कान्हाचे जंगल गाठता येते, मात्र जुलै ते सप्टेंबर या काळात तेथील गाभाक्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते. मुन्नार, उटी किंवा सिमला गाठायचे, तर जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस आणि मोठी रक्कम खर्ची पडते. सदस्यत्वामुळे खोली मिळते, प्रवास मिळत नाही. ज्या कंपनीची ठिकाणे मुख्यतः दक्षिणेत किंवा हिमालयात आहेत, तिचे सदस्यत्व बंगळूर वा दिल्लीकराला जितके उपयोगी, तितके रायपूरकराला असेलच असे नाही. चित्रकोटचा धबधबा, कांगेर खोरे किंवा मैनपाट यांसारखी राज्यातील ठिकाणे तर कोणत्याही सदस्यत्वाविना चार दिवसांत पाहून होतात.

तिसरा विचार नात्यांचा. छत्तीसगडातील मराठी कुटुंबाची सुट्टी पूर्णपणे त्याची स्वतःची क्वचितच असते. विदर्भातील लग्नकार्ये, पुण्यात शिकणारी मुले, गावचे कुळाचार आणि वृद्ध आईवडील यांच्याकडे रजेचा मोठा भाग जातो आणि तो जावाच. उरलेल्या रजेत दरवर्षी सलग सात दिवस निघतात का? गेल्या पाच वर्षांतील सुट्ट्या एका कागदावर मांडून पाहिल्या, की विक्रेत्याच्या तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक खरे उत्तर मिळते.

पुनर्विक्रीतील सावधगिरी

वापर नक्की होणार, अशी खात्री असलेल्या कुटुंबासाठी पुनर्विक्री हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. परंतु त्या मार्गावर खड्डेही आहेत. सदस्यत्व हा करार असल्याने केवळ जुन्या सदस्याने कागद लिहून दिला, म्हणून नवा ग्राहक सदस्य होत नाही. कंपनीची संमती आणि तिच्या नोंदवहीत नावाचा बदल या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. म्हणून पुढील बाबी लेखी तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

पहिली बाब, मूळ करारात हस्तांतराची मुभा आहे काय आणि त्याचे शुल्क किती. दुसरी, देखभाल शुल्क व हप्ते यांची थकबाकी नसल्याचा कंपनीचा दाखला. विक्रेत्याची जुनी थकबाकी नव्या सदस्याच्या गळ्यात पडू नये. तिसरी, शिल्लक वर्षे, हंगाम, खोलीचा प्रकार आणि चालू वर्षाचे न वापरलेले दिवस. चौथी, हस्तांतरानंतर कोणत्या सवलती गळून पडतात. परदेशी अदलाबदल, बक्षीस गुण किंवा वरच्या हंगामात बढती यांसारख्या सोयी पहिल्या सदस्यापुरत्याच मर्यादित असू शकतात. पाचवी, सदस्याचे निधन झाले असल्यास वारसांचे अधिकार. एका वारसाची सही पुरेशी नसते, सर्वांची संमती हवी.

पैसे देण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. रक्कम खात्यातून खात्यात, विक्रेत्याच्या स्वतःच्या नावे द्यावी आणि मोठा भाग कंपनीच्या नोंदीत नाव चढल्यानंतरच द्यावा. हस्तांतर शुल्क थेट कंपनीला भरावे, मध्यस्थाच्या हाती देऊ नये.

मूळ कंपनीकडून घेण्याच्या बाजूनेही काही मुद्दे आहेत, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पूर्ण मुदत मिळते, सर्व सवलती मिळतात, वारसाहक्काचा गुंता नसतो आणि पुनर्विक्रीतील कागदपत्रांची यातायात वाचते. ज्यांना या सोयी खरोखर वापरायच्या आहेत, ज्यांची मुले लहान आहेत आणि ज्यांच्याकडे ही रक्कम कर्जाविना उपलब्ध आहे, त्यांनी जाणूनबुजून घडणावळ मोजली तर त्यात चूक नाही. मात्र क्रेडिट कार्डाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या हप्त्यांवर सुट्टी विकत घेणे हा त्यातला सर्वांत महाग प्रकार. तेथे घडणावळीवरही व्याज भरावे लागते.

सुट्टी म्हणजे गुंतवणूक नव्हे

दोन्ही मार्गांना समान असा एक भ्रम आहे. सदस्यत्वाची किंमत पुढे वाढेल आणि गरज पडल्यास पैसे परत मिळतील, हा तो भ्रम. त्याची किती जबर किंमत मोजावी लागते, याचा धडा महाराष्ट्रातच मिळाला आहे. मुंबईतील पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील रात्री आगाऊ विकण्याच्या योजना काढल्या. त्या रात्री न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळण्याची सोय त्यांत होती. घेणाऱ्या असंख्य लोकांच्या मनात राहण्याचा विचारच नव्हता, त्यांना ती ठेव वाटत होती. सेबीने हा प्रकार सामूहिक गुंतवणूक योजनेचा असून त्यासाठी आवश्यक नोंदणी नसल्याचे ठरविले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्या आदेशाच्या वेळी ५१ लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये त्यांत अडकलेले होते. आदेश झाला म्हणून पैसे परत आले नाहीत. हक्काच्या रकमेसाठी गुंतवणूकदारांना पुढे अनेक वर्षे झगडावे लागले.

नियमित टाइमशेअर कंपन्या आणि असल्या योजना यांची एका मापाने तुलना करणे अन्यायाचे होईल. पण ग्राहकाच्या मनातील मोह दोन्हीकडे एकच असतो. खर्चाला गुंतवणूक म्हटले, की हात सैल सुटतो. ‘न वापरल्यास पैसे दामदुप्पट’ असे शब्द कानी पडताच तेथून उठावे. खऱ्या सुट्टीच्या योजनेला असे आश्वासन देण्याची गरजच नसते.

विकणाऱ्यांनी काय करावे?

ज्यांनी पूर्वी सदस्यत्व घेतले आहे आणि आता प्रकृतीमुळे किंवा मुले दूर गेल्यामुळे ज्यांना ते विकायचे आहे, अशांची संख्याही लहान नाही. त्यांच्यासाठी वेगळा सापळा तयार असतो. तुमच्या सदस्यत्वाला चांगला ग्राहक मिळाला आहे, फक्त कर, नोंदणी किंवा हस्तांतराचे शुल्क आधी भरा, असा दूरध्वनी येतो. शुल्क भरले जाते, ग्राहक कधीच येत नाही. अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, मेक्सिकोतील मालमत्तांशी निगडित अशा फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकन लोकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी नोंदविल्या. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशानुसार पुनर्विक्रीच्या मध्यस्थाने प्रत्यक्ष विक्री होण्यापूर्वी कोणतेही पैसे घेण्यास बंदी घातली आहे. भारतात असा खास नियम नाही, म्हणून ग्राहकाने तो स्वतःपुरता करून घ्यावा. विक्री झाल्याशिवाय दलाली नाही. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत तत्काळ कळवावे. या बाबतीत प्रत्येक तास मोलाचा असतो.

देखभाल शुल्काची स्वयंचलित वजावट बंद करण्याची सूचना ग्राहक बँकेला देऊ शकतो. मात्र त्याने कराराची जबाबदारी संपत नाही. वजावट थांबविण्यापूर्वी सदस्यत्व सोडण्याचे पत्र कंपनीला देऊन त्याची पोच घ्यावी आणि करारातील अटी वाचाव्यात.

कायद्याचे छत्र

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. युरोपात सही केल्यानंतर चौदा दिवसांत कारण न देता माघार घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. येथे काही कंपन्या आपल्या करारात काही दिवसांची अशी मुदत देतात, परंतु ती करारात लिहिलेली असेल तरच. तथापि ग्राहक अगदीच निराधार नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करू शकतो. कंपनीचे कार्यालय चेन्नईत असो वा मुंबईत, रायपूरच्या ग्राहकाला दाद रायपुरातच मागता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने स्पष्ट झाले आहे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

या सर्व संरक्षणाचा पाया एकच, लेखी पुरावा. हॉटेलातील टेबलावर तोंडी दिलेले आश्वासन आयोगापुढे सिद्ध करणे कठीण असते. विक्रेता जे बोलतो, ते त्याला कंपनीच्या कागदावर लिहून मागावे. तो कचरला, तर उत्तर मिळाले.

उत्तर कोणते?

मूळ प्रश्नाचे उत्तर आता एका क्रमाने देता येते. प्रथम वापराचा प्रश्न. गेल्या पाच वर्षांत दरवर्षी आठवडाभर बाहेर गेलेले नसेल, तर नवे काय आणि जुने काय, दोन्ही नको. त्याऐवजी दरमहा चार हजार रुपयांची आवर्ती ठेव वर्षाअखेर ४८,००० रुपये आणि वर व्याज हाती देते. त्यात आवडेल त्या गावी, आवडेल त्या हंगामात जाता येते आणि एखाद्या वर्षी घरात आजारपण आले, तर तीच रक्कम औषधालाही उपयोगी पडते. ही लवचीकता कोणत्याही सदस्यत्वात नाही.

वापर निश्चित असेल, तर आधी पुनर्विक्रीची चौकशी करावी. कंपनीची संमती, थकबाकी नसल्याचा दाखला आणि आपल्या पंचांगाशी जुळणारा हंगाम या तिन्ही गोष्टी मिळत असतील, तर पुनर्विक्री हीच सरस. पहिल्या सदस्याने घडणावळ भरलेली असते, दुसऱ्याने ती पुन्हा भरण्याचे कारण नाही. मूळ कंपनीकडून नवे सदस्यत्व घेण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी. तेही रोख रकमेतून, घरी नेऊन वाचलेल्या करारावर आणि किमान आठ दिवस विचार केल्यानंतर. आठ दिवसांनी न मिळणारी सवलत ही सवलत नसून घाई असते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारे सांगत आले. पंचवीस वर्षांच्या करारात फक्त आजचे अंथरूण पाहून भागत नाही. आज चाळिशीत असलेला ग्राहक करार संपेल तेव्हा पासष्टीत असेल. मुले आपापल्या संसारात असतील, गुडघे डोंगर चढायला नकार देत असतील आणि देखभाल शुल्क मात्र दरवर्षी ठरल्या तारखेला खात्यातून वजा होत असेल. त्या वयातही ही सुट्टी हवीशी वाटेल, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच सही करावी.